चावलखेड्याच्या अलीकडची बाभूळ

मे महिन्यात जळगावात यंत्रालाही धाप लागते.
दिवसा चिलर हात टेकतो, म्हणून
डॉक्टर भारंबेंनी मला रात्री दहानंतरची वेळ दिलेली.
शेवटचा पेशंट घरी, वॉचमन बाहेर खाटेवर,
आणि चुंबकाच्या बोगद्यात
सावद्याच्या केळ्यांची एक फणी.

माणसाआधी केळी.
लहर लागली की पाणी कलंडतं, मग हळूहळू विसरतं.
सालीतलं लवकर विसरतं, गरातलं उशिरा.
मला हवं होतं ते असं: ठरल्या क्षणी
साल अगदी गप्प, शून्य,
आणि गर बोलेल तितका मोठ्याने.
दोघांवर पडणार लहर एकच.
ती कुठे चढवायची, कुठे सोडून द्यायची,
एवढंच माझ्या हातात.
वेळ मोजका. ताप त्याहून मोजका,
बाहेर आधीच सेहेचाळीस.

गणित दोन टोकांनी चालतं.
एक समीकरण सुरुवातीपासून पुढे,
दुसरं, त्याच्या सावलीसारखं,
शेवटच्या क्षणापासून मागे.
मागे येताना ते सांगतं, चूक कुठे झाली.
तिथे लहर केसभर वाकवायची.
पुन्हा पुढे. पुन्हा मागे.
चारशे फेऱ्यांनंतर एका रात्री
न कापलेलं केळं कापल्यासारखं दिसलं,
आत तीन पाकळ्या, साल कुठेच नाही.
मी एकटीच टाळ्या वाजवल्या, आणि एक केळं खाल्लं.

आप्पांना सांगितलं तर म्हणाले,
"मंग याच्यात नवं काय आहे?"
भुसावळ शेडचे आप्पा, कोळशाच्या इंजिनावर अठरा वर्षं.
रुईच्या गाठी भरलेली मालगाडी, धरणगावला थांबा.
"चावलखेड्याच्या अलीकडे एक बाभूळ होती.
तिथलोक पुरं उघडं, तिथून पुरं बंद.
मधलं अर्धं-मुर्धं काही नाही.
गाडी आपल्या वजनानं येते, फलाटावर ब्रेक.
कोळसा वाचे, टाइम वाचे."
बाभूळ कशी शोधली, विचारलं.
"थांबायचं कुठं ते आधी पाह्य.
मंग तिथून उलटा येत जाय."

मी या एका ओळीचा सिद्धांत
दोन सत्रं शिकवते, फळा भरून.

फॉर्मवर लिहिलं: फालक निवृत्ती डोंगर, वय अठ्ठ्याहत्तर.
अंगठी निघेना, साबण लावला.
मेंदूच्या मुळाशी एक काळसर पट्टा असतो,
तुरीच्या दाण्याहून फार मोठा नाही.
आजूबाजूला गप्प केलं तरच तो दिसतो.
नेहमीच्या तपासणीला अकरा मिनिटं लागतात.
आप्पांचा उजवा हात अकरा मिनिटं
कोणाचंच ऐकत नाही.
माझ्या लहरीला चार पुरतात.

हातात रबरी फुगा दिला: भीती वाटली तर दाबा.
ठोके सुरू झाले, लोखंडी, भरधाव.
काचेतून पाहिलं तर
फुग्याभोवती बोटं आवळलेली, दाबलेली नाहीत,
आणि हात थरथरत नव्हता.
काही धरलं की तो थांबतो, हे मला माहीत आहे, पुस्तकात आहे.
तरीही मी उभी राहिले.

पडद्यावर पट्टा आला. स्वच्छ आला.
इतकी चांगली प्रतिमा मी कधी काढली नव्हती.
डाव्या बाजूला तो पुसट झालेला होता,
पाटीवर ओला हात फिरवावा तसा.

तिथून मी मागे चालत गेले.
दिवाळीत बशीत सांडलेला चहा.
त्याआधी पेन्शनच्या कागदावरची सही,
मुंगीएवढी, आणि मी हसले होते.
त्याआधी आईच्या वर्षश्राद्धाला
सदऱ्याचं बटण लावायला लागलेला वेळ.
त्याआधी काय? मागचं समीकरण
इतक्या मागे जाऊन धूसर होतं,
आणि बाभूळ कुठेच लागत नाही.

टेबल बाहेर सरकलं.
आप्पांनी डोळे न उघडता विचारलं, "किती झाले?"
"चार मिनिटं, दोन सेकंद."
"दोन सेकंद कायचे?"
मी सांगू लागले, की शेवटी चुंबक
पाण्याला थोडा श्वास घेऊ देतो, तेव्हा...
त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं.
फुगा परत मागितला तर म्हणाले,
"राहू दे जरा."